व्याजदर वाढले, तूट आवळली: आरोग्यसेवेपर्यंत हे धक्के कोणत्या वाटेने पोचतात?

पानतुटवडा (प्रश्न)

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासगटासाठी टिपण तयार करायचं आहे. विषय: मौद्रिक (मध्यवर्ती बँकेचे व्याजदर, चलन) आणि राजकोषीय (सरकारचे कर, खर्च, कर्ज) धोरणाचा आरोग्यक्षेत्रावर होणारा परिणाम. कोणत्याही एका देशापुरतं नको, यंत्रणा कशी चालते ते हवं आहे. राजकोषीय बाजूवर बरंच वाचायला मिळतं. मौद्रिक बाजू मात्र बहुतेक ठिकाणी "महागाई वाढली की उपचार महागतात" एवढ्या एका वाक्यात उरकलेली असते. अडलंय ते इथे:

१. मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला तर त्याचा परिणाम रुग्णालयापर्यंत कशातून आणि किती काळाने पोचतो?

२. अर्थसंकल्पात आरोग्याची तरतूद वाढलेली दिसते, तरी औषधांच्या खिडकीवर "साठा नाही" हेच उत्तर मिळतं. हा धोरणाचा दोष की निव्वळ कारभाराचा?

३. तंबाखू, दारू, साखरपेयं यांवरच्या कराचा पैसा आरोग्यासाठी राखून ठेवणं हा टिकाऊ उपाय आहे का?

---

रोखेवाचक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. व्याजदर चार वाटांनी पोचतो आणि चारही वाटांचा वेग वेगळा असतो.

सगळ्यांत जलद वाट खेळत्या भांडवलाची. सरकारी रुग्णालय पुरवठादाराला उशिरा पैसे देतं. तोवर पुरवठादार बँकेच्या कर्जावर तग धरतो आणि ते व्याज पुढच्या निविदेत किमतीत घालतो. बिल सहा महिने थकत असेल आणि त्याचं कर्ज १४ टक्क्यांचं असेल, तर किमतीत साधारण ७ टक्के भर पडते. कर्ज १८ टक्क्यांवर गेलं की तीच भर ९ टक्के. म्हणजे उशीर राजकोषीय, दर मौद्रिक आणि बिल औषधांच्या खात्यावर. हे दोन विषय वेगवेगळ्या प्रकरणांत लिहिले तर नेमकी हीच गोष्ट निसटते.

दुसरी वाट यंत्रसामग्रीची. सात वर्षांच्या कर्जावर स्कॅनर घेतलं, तर दर शंभर एककांमागे वार्षिक हप्ता ९ टक्क्यांना सुमारे १९.९ येतो, १३ टक्क्यांना सुमारे २२.६. यंत्र तेच, हप्ता जवळपास १४ टक्के जास्त. खासगी रुग्णालय मग दर वाढवतं, तपासण्यांची संख्या वाढवायला बघतं किंवा खरेदी पुढे ढकलतं. अनावश्यक तपासण्यांच्या चर्चेत भांडवलाच्या खर्चाचा हा दाब क्वचितच धरला जातो. तो धरायला हवा.

तिसरी वाट कुटुंबाची. घरकर्जाचा हप्ता वाढला की दातांचं काम, मोतीबिंदू, गुडघा, तपासणीची पुढची तारीख असं लांबवता येण्यासारखं सगळं मागे पडतं. तातडीच्या सेवांची मागणी हलत नाही. त्यामुळे एकूण रुग्णसंख्येत काहीच दिसत नाही. सेवाप्रकारानुसार आकडे वेगळे काढले की दिसतं.

चौथी वाट सगळ्यांत संथ आणि सगळ्यांत जड: सरकारचा व्याजखर्च. समजा देशाचं सरकारी कर्ज जीडीपीच्या ६० टक्के आहे, त्याचा पाचवा भाग दरवर्षी नव्याने उभारावा लागतो आणि दर ३ टक्के-बिंदूंनी (जसे ७ वरून १० टक्क्यांवर) वाढले. पहिल्या वर्षी बोजा वाढतो जीडीपीच्या ०.३६ टक्के. दर तिथेच राहिले आणि कर्जाचं प्रमाण बदललं नाही, तर पाचव्या वर्षापर्यंत १.८ टक्के. अनेक गरीब देशांत सरकारचा सगळा आरोग्यखर्च जीडीपीच्या २ टक्क्यांपेक्षा कमी असतो, हे शेजारी लिहून पाहा. व्याज आधी द्यावंच लागतं, उरलेल्यात बाकीची खाती.

आणि दर स्वतःच्याच देशात वाढायला हवेत असंही नाही. १९७९ नंतर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने महागाई मोडण्यासाठी दर २० टक्क्यांच्या आसपास नेले. डॉलरमध्ये तरत्या, म्हणजे बाजाराबरोबर बदलणाऱ्या, दराने कर्ज घेतलेले देश त्यात सापडले. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने परतफेड जमत नसल्याचं सांगितलं आणि पुढचं दशक लॅटिन अमेरिका व आफ्रिकेत खर्चकपातीचं गेलं. आफ्रिकेतल्या सरकारी दवाखान्यांत रुग्णशुल्क पसरलं ते याच काळात.

---

भांडारनोंद

दुसऱ्या प्रश्नावर. "धोरण की कारभार" अशी फोड करूच नका. तरतूद वाढूनही साठा संपणं हे बऱ्याचदा साध्या अंकगणितातून येतं. नमुना म्हणून १०० एककांचं आरोग्यखातं घेऊ:

- वेतन ६०
- औषधं व उपभोग्य साहित्य २२ (त्यात आयात १४, देशी ८)
- वीज, वाहतूक, देखभाल १०
- बांधकाम व यंत्रं ८

आता डॉलर २५ टक्क्यांनी महागला. आयात माल १४ वरून १७.५. देशी औषधांचा कच्चा माल बाहेरून येतो, म्हणून तीही १० टक्क्यांनी महाग धरा: ८.८. वेतन करारानुसार ६ टक्के वाढलं: ६३.६. वीज-वाहतूक १२ टक्क्यांनी: ११.२. यंत्रं-बांधकाम १० टक्क्यांनी: ८.८. तेवढीच सेवा द्यायला एकूण लागतात १०९.९. सरकारने तरतूद ५ टक्के वाढवली, म्हणजे मिळाले १०५. तूट ४.९.

ही ४.९ कुठून निघते? वेतन कापता येत नाही. वीज तोडता येत नाही. बांधकामाचा ठेकेदार आधीच काम करतोय. उरतात औषधं. औषधांना लागत होते २६.३, त्यातून ४.९ गेले, प्रत्यक्ष मालात जवळजवळ १९ टक्के घट. अर्थसंकल्पीय भाषणात "आरोग्याला ५ टक्के वाढीव निधी", भांडारात पाचवा हिस्सा गायब. दोन्ही खरं.

म्हणून तुमच्या टिपणात तरतुदीचा एकूण आकडा सोडा आणि धक्का कोणत्या उपशीर्षावर (वेतन, औषधं, देखभाल अशा खर्चाच्या बाबीवर) पडतो ते शोधा. धक्का नेहमी जिथे करार सैल आहे तिथे पडतो: औषधं, देखभाल, इंधन, देखरेखीचे दौरे.

देखभालीबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण तिची बातमी होत नाही. प्रयोगशाळेतली बरीच उपकरणं "बंद" पद्धतीची असतात, म्हणजे रीएजंट (तपासणीचं रसायन) त्याच उत्पादकाचं लागतं. सेवा करार आणि सुटे भाग परकीय चलनात. चलन घसरलं की करार नूतनीकरण राहतं, कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक ठेवणारी जुळवणी) चुकतं, मग एक पंप किंवा सेन्सर गेला की तपासणीचं यंत्र वर्षभर झाकून पडतं. इमारत आहे, तंत्रज्ञ आहे, पगार चालू आहे, तपासणी नाही.

खरेदीत काय करता येतं:

निविदेत किंमत-समायोजनाचं कलम घाला. आयात घटकाचा वाटा आधी ठरवा, समजा ७० टक्के. विनिमय दर १० टक्के हलला तर किंमत ७ टक्के हलेल. ५ टक्क्यांच्या आतल्या हालचालीला काही नाही. हे कलम दोन्ही दिशांनी लागू हवं. चलन सावरल्यावर किंमत खालीही आली पाहिजे. कलम नसलं की पुरवठादार एक तर जोखमीची किंमत आधीच लावतो किंवा चलन पडताच अनामत रक्कम सोडून पुरवठा बंद करतो. दुसरी शक्यता जास्त घातक. कारण फेरनिविदेत सहज काही महिने जातात आणि सुरक्षित साठा बहुधा तीनच महिन्यांचा असतो.

लसींसाठी पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेच्या फिरत्या निधीची रचना अभ्यासण्यासारखी आहे. सदस्य देश मिळून खरेदी करतात, निधी पुरवठादाराला पैसे देतो आणि देशाला परतफेडीसाठी ६० दिवस मिळतात. परकीय चलन हातात यायला उशीर झाला म्हणून लसीकरण थांबू नये, एवढ्याचसाठी ती सोय.

---

पानतुटवडा

तक्ता जसाच्या तसा वापरतो, आभार. त्यावरून एक उपप्रश्न. एवढं नुकसान चलनाच्या घसरणीने होत असेल, तर आरोग्याच्या दृष्टीने विनिमय दर बांधून ठेवणंच बरं नाही का? निदान औषधांपुरता?

---

रोखेवाचक

परकीय चलनाची गंगाजळी पुरेशी असेल तर काही काळ बरं. संपत आली की उलटतं.

इराणने एप्रिल २०१८ मध्ये डॉलरला ४२ हजार रियाल असा अधिकृत दर बांधला आणि औषधांसारख्या गरजेच्या वस्तूंना तो दिला. खुल्या बाजारातला दर त्याच्या कितीतरी पट झाला. असं अंतर पडलं की आयातदाराला बिल फुगवून स्वस्त डॉलर जास्त उचलण्यात फायदा, आणि स्वस्त औषध सीमेपलीकडे विकण्यातही फायदा. शिवाय देशी कारखानदाराला सवलतीच्या आयात मालाशी झगडावं लागतं. औषधांवरची ही सवलत २०२२ मध्ये काढून मदत विम्यामार्फत रुग्णाकडे वळवायचं ठरलं.

उलट बाजूचं उदाहरण इजिप्तचं. नोव्हेंबर २०१६ मध्ये पौंडाचा दर बाजारावर सोडला आणि तो निम्म्याहून खाली गेला. औषधांच्या किमती मात्र सरकारने ठरवलेल्या, म्हणून त्या जागेवरच. कच्चा माल दुप्पट दराने आणि विक्री जुन्या दराने, असं झाल्यावर उत्पादन तोट्यात जातं आणि माल दिसेनासा होतो. जानेवारी २०१७ मध्ये सुमारे तीन हजार औषधांच्या किमती वाढवू द्याव्या लागल्या. किंमत नियंत्रण चुकीचं असं याचा अर्थ नाही. नियंत्रित किमतीचा फेरविचार किती दिवसांत होतो ते नियंत्रणाइतकंच महत्त्वाचं. विनिमय दर ठरावीक मर्यादेबाहेर गेला की आपोआप आढावा, असा नियम आधीच लिहिलेला हवा.

जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचं (पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या अनेक देशांच्या चलनाचं) अवमूल्यन झालं: एका फ्रेंच फ्रँकला ५० ऐवजी १००. आयात औषधं एका रात्रीत दुप्पट. त्यातल्या अनेक देशांनी त्यानंतर ब्रँडेड मालाकडून मध्यवर्ती खरेदी भांडारांमार्फत जेनेरिक अत्यावश्यक औषधांकडे मोर्चा वळवला. अवमूल्यनाची तारीख आधी कळत नाही. पण जेनेरिक यादी, पर्यायी उत्पादकांची नोंदणी आणि भांडाराची व्यवस्था आधी तयार ठेवता येते.

टोकाचं उदाहरण झिंबाब्वे. २००८ मधल्या अतिमहागाईत आरोग्यसेवकाच्या महिन्याच्या पगारात कामावर येण्याचं भाडंही सुटेना, हरारेतली मोठी रुग्णालयं त्या नोव्हेंबरमध्ये जवळपास बंद पडली. पाणी शुद्ध करायच्या रसायनांचाही तुटवडा होता. ऑगस्ट २००८ पासून पुढच्या साधारण वर्षभरात कॉलऱ्याचे ९८ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४ हजारांहून अधिक मृत्यू. मोडकी गटारं हे मूळ कारण होतंच. पण चलन कोसळल्यामुळे ना पाणी दुरुस्त करता आलं ना उपचार देता आले. चलनविषयक शिस्त हा फक्त गुंतवणूकदारांचा विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना हे उदाहरण दाखवावं.

---

कोषवाही

राजकोषीय बाजू "वाचायला मिळते" असं वर म्हटलं आहे, पण ती बहुधा तरतुदीपाशी थांबते. तरतूद ही परवानगी असते, पैसा नव्हे. चार आकडे एका ओळीत मांडावेत: मंजूर तरतूद, कोषागाराने सोडलेला निधी, प्रत्यक्ष खर्च आणि वर्षअखेरची थकबाकी. महसूल घटला की बहुतेक अर्थखाती तरतूद कापत नाहीत, निधी उशिरा सोडतात. वर्षातला मोठा हिस्सा शेवटच्या तिमाहीत आला, तर खरेदीची मुदत उलटते, पैसा परत जातो आणि नंतर म्हटले जाते की "आरोग्यखात्याला खर्च करता येत नाही, मग वाढवून का द्यायचे?" ही वाढ नाकारण्याची सर्वांत अन्यायकारक पद्धत आहे.

दुसरा मुद्दा चक्राचा. मंदीत लोकांचा रोजगार जातो, खासगी उपचार परवडत नाहीत, सरकारी रुग्णालयात गर्दी वाढते. नेमके त्याच वेळी महसूल घटतो. आरोग्याचा निधी वेतनावरील वर्गणीतून येत असेल तर फटका दुहेरी. ग्रीसमध्ये बेरोजगारी २००८ मधील ८ टक्क्यांखालून २०१३ मध्ये २७ टक्क्यांवर गेली. वर्गणी आटली, दीर्घकाळ बेकार असलेल्यांचे विमासंरक्षण संपले आणि कर्जदात्यांच्या अटींनुसार सार्वजनिक आरोग्यखर्च जीडीपीच्या ६ टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. जीडीपी स्वतःच आक्रसत होता, हे त्या ६ टक्क्यांच्या अटीत विसरले गेले. विमा नसलेल्यांना सार्वजनिक सेवेचा हक्क कायद्याने मिळाला तो २०१६ मध्ये.

२००८ नंतरच्या त्याच आर्थिक संकटात दोन छोट्या देशांची रचना अधिक टिकाऊ ठरली. एस्टोनियाच्या आरोग्य विमा निधीने चांगल्या वर्षांत गंगाजळी साठवली होती. २००९ नंतर वेतनवर्गणी घटली तेव्हा ती वापरून खड्डा काही अंशी भरता आला. लिथुआनियात कमावत नसलेल्यांची वर्गणी सरकार भरते आणि तिचे प्रमाण दोन वर्षांपूर्वीच्या सरासरी वेतनाशी जोडलेले होते. म्हणून मंदीच्या पहिल्या दोन वर्षांत सरकारचा हिस्सा आपोआप चढा राहिला. दोन्हीत समान गोष्ट अशी की संकटाच्या रात्री कोणाला धाडस दाखवावे लागले नाही; नियम आधीच लिहिलेला होता.

करांविषयी एक बारीक पण महाग बाब. आरोग्यसेवेवर मूल्यवर्धित कर नाही म्हणजे सगळे आलबेल, असे समजू नये. "करमाफ" आणि "शून्य दर" यांत फरक आहे. करमाफ रुग्णालय रुग्णाकडून कर घेत नाही, पण वीज, उपकरणे, स्वच्छता, संगणकप्रणाली यांवर भरलेला कर त्याला परत मिळत नाही. तो खर्चात मुरतो. शून्य दर असेल तर परतावा मिळतो. सरकारने सर्वसाधारण दर वाढवला की करमाफ रुग्णालयाचा खर्च मुकाट्याने वाढतो.

---

साखरमीठ

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहिते. कर लावणं आणि तो पैसा राखून ठेवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्याच्या बाजूने मी ठाम आहे. दुसऱ्याबाबत अटी आहेत.

कर लावताना विशिष्ट अबकारी, म्हणजे दर पाकिटाला किंवा लिटरला ठरावीक रक्कम, किमतीच्या टक्केवारीपेक्षा चांगला. स्वस्त ब्रँडकडे पळायची वाट त्याने अरुंद होते. पण महागाई तो खाऊन टाकते: पाकिटाला १० एकक कर आणि सलग तीन वर्षं १० टक्के महागाई, की त्याची खरी किंमत उरते साधारण साडेसात. म्हणून वार्षिक वाढ कायद्यातच हवी. फिलिपिन्सच्या २०१२ च्या कायद्यात सिगारेटचे वेगवेगळे टप्पे मोडून एकच दर आणायचा आणि २०१८ पासून दरवर्षी ४ टक्के वाढ, अशी रचना होती. वाढीव उत्पन्नाचा मोठा वाटा आरोग्याला, त्यात गरिबांच्या विमाहप्त्यालाही, दिला गेला. महागाई ४ टक्क्यांच्या वर राहिली की अशी ठरावीक वाढही अपुरी. महागाई निर्देशांकाशी जोडणं अधिक सुरक्षित.

राखून ठेवण्याबद्दल. थायलंडने २००१ पासून तंबाखू-दारूच्या अबकारीवर २ टक्के अधिभार लावून तो आरोग्यसंवर्धनाच्या निधीला दिला. हे चाललं, कारण काम मर्यादित आणि ठरलेलं आहे. सगळी आरोग्यसेवा अशा करावर उभी करणं वेगळं. कर यशस्वी झाला की लोक कमी पितात, कमी ओढतात आणि उत्पन्न एका मर्यादेनंतर वाढत नाही. ते चांगलंच आहे, पण परिचारिकांचे पगार त्यावर अवलंबून नसावेत.

---

कोषवाही

सहमत, आणि एक धोका जोडतो. राखीव निधी आला की अर्थखाते सर्वसाधारण निधीतून तेवढीच रक्कम काढून घेते. एकूण आकडा हलत नाही. घानाने २००३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्यासाठी २.५ टक्के आकारणी लावली, मूल्यवर्धित कराच्या धर्तीवर. उत्तम पाया होता. पण २०१७ च्या कायद्याने सर्व राखीव निधींना मिळून करउत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे "आरोग्यासाठीच" गोळा केलेला पैसा पूर्ण त्या निधीत जाईलच याची हमी राहिली नाही. राखीव निधीचा कायदा लिहिताना दोन कलमे हवीत: सर्वसाधारण निधीतील आरोग्याचा वाटा आधीच्या पातळीखाली जाणार नाही, आणि जमा रक्कम किती दिवसांत वर्ग करायची त्याची मुदत. दुसरे कलम नसेल तर पैसा कोषागारात पडून राहतो आणि दाव्यांची थकबाकी चढते.

---

पानतुटवडा

शेवटचं विचारतो. एखाद्या देशाचं चित्र काढायचं तर आकडे कोणत्या क्रमाने लावू?

---

भांडारनोंद

मी असे लावीन.

आधी दहा वर्षांचा सरकारी आरोग्यखर्च दरडोई आणि महागाई वजा करून. वजा करताना सर्वसाधारण ग्राहक निर्देशांकावर थांबू नका. वेतनासाठी वेतनवाढीचा दर, आयात मालासाठी विनिमय दर, बाकीला ग्राहक निर्देशांक, असा वरच्या तक्त्यातल्या भारांनी स्वतःचा निर्देशांक बनवा. आरोग्यसेवा माणसांच्या हातांनी चालते. इतर क्षेत्रांत यंत्रांनी उत्पादकता वाढते आणि वेतन वाढतं, ते वेतन इथेही द्यावं लागतं, पण परिचारिका तासाला दुप्पट जखमा बांधू शकत नाही. अर्थतज्ज्ञ बॉमोल यांनी दाखवलेला हा परिणाम तुमच्या निर्देशांकात उतरलाच पाहिजे.

मग त्याच कालरेषेवर तीन धक्के खुणा करून दाखवा: धोरण दर (मध्यवर्ती बँकेचा व्याजदर), विनिमय दर, सरकारी महसूल. विनिमय दराचा परिणाम सर्वांत आधी शोधा, साधारण हातातला साठा आणि चालू दरकरार संपण्याच्या सुमारास. व्याजखर्चाचा परिणाम कर्जाच्या मुदतीनुसार काही वर्षांत. महसुलाचा परिणाम त्याच वर्षीच्या निधीवितरणात.

त्यानंतर कोषवाहींचे चार आकडे, उपशीर्षनिहाय. एकूण नको.

आणि शेवटी लोकांच्या खिशातून गेलेला खर्च. कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक आणि २५ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा लागलेल्यांचं प्रमाण, हे दोन उंबरठे शाश्वत विकास उद्दिष्टांच्या मोजणीत वापरले गेले आहेत, म्हणून तुलना जमते. एक खबरदारी घ्या: हे प्रमाण खाली आलं तर लगेच सुधारणा समजू नका. पैसे नाहीत म्हणून उपचारच न घेतलेलं कुटुंब या मोजणीत "खर्च नाही" असंच दिसतं. त्याच सर्वेक्षणातून "गरज होती पण उपचार घेतला नाही" हा आकडा काढा आणि दोन्ही एकाच आलेखावर ठेवा. साठा संपलेल्या दिवसांची नोंद भांडारांकडून मिळाली तर तीही त्याखाली लावा. निदान इन्शुलिन, ऑक्सिटोसिन (प्रसूतीतल्या रक्तस्रावावरचं औषध), उच्चरक्तदाबाचं एक औषध आणि एक प्रतिजैविक, एवढ्या चार वस्तूंची तरी मिळवाच.